विजेचा पाकट आणि खंडाळ्याचे पाणी

निवृत्तीनंतर मी मावळातल्या खंडाळ्याला राहायला आलो, त्याला आता अकरा वर्षे झाली. येथे पावसाळ्यात माणूस दुसरे काही करो न करो, पाणी कोणीकडे जाते हे मात्र पाहत बसतो. घाटमाथ्याच्या पूर्व उतारावर पडलेले पाणी इंद्रायणीला मिळते, तिच्याबरोबर भीमेत, भीमेबरोबर कृष्णेत आणि शेवटी आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात जाते. पश्चिमेच्या कड्यावरून उडी घेतलेले पाणी पाताळगंगेतून धरमतरच्या खाडीत आणि तेथून अरबी समुद्रात. दोन थेंबांत हाताचे अंतर असले, तरी त्यांचे समुद्र वेगळे.

ही निसर्गाची वाटणी शंभरेक वर्षांपूर्वी माणसाने थोडी बदलली. इंद्रायणीच्या उगमाकडचे पाणी लोणावळा, वळवण आणि शिरोता या तळ्यांत अडवायचे, ते खंडाळ्याशी आणायचे आणि तेथून लोखंडी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला सोडायचे, अशी टाटांची योजना होती. १९११ साली पायाभरणी झाली आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली. तेव्हापासून बंगालच्या उपसागरात जायचे पाणी वीज देऊन अरबी समुद्रात जाते.

महाविद्यालयात तीस वर्षे मी पदार्थविज्ञान शिकवले. व्होल्टाचा धडा दर वर्षी घेतला. पण या दोन समुद्रांच्या किनाऱ्यांवर, वाळूत अंग पुरून, या सगळ्या कहाणीचा मूळ पुरुष पडून आहे, हे मात्र वर्गात मी जेमतेम एका वाक्यात सांगत असे. त्या वाक्याची भरपाई म्हणून हा लेख.

१

त्या माशाची आणि माझी ओळख मालवणात झाली. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. मे महिन्यात आजोळी गेलो होतो. पहाटे किनाऱ्यावर रापण ओढत होते. दोन बाजूंनी दोर, दोरांना माणसांच्या रांगा, आणि रांगेच्या शेपटाला आम्ही पोरे. जाळे वाळूवर आले की त्यात तारली, बांगडे, खेकडे आणि शेवाळ यांचा एकच गोंधळ असे. त्या गोंधळात मला एक गोल, तपकिरी, मऊसर मासा दिसला. पाकटासारखा चपटा, पण शेपूट आखूड आणि जाड, तिला काटा नाही. आकार फार तर जेवणाच्या ताटलीएवढा. मी त्याला उचलायला गेलो.

मामा ओरडला, "अरे पोरा, हात लावू नुको!" आणि त्याच दमात त्याने त्या माशाचे नाव घेतले. तोवर मी हात लावलाही होता. कोपर टेबलाच्या कडेवर आपटले की जसे होते, तसे बोटांपासून खांद्यापर्यंत झाले. हात माझा राहिला नाही. मग मुंग्या आल्या. मी रडलो नाही, कारण रडायला सुचलेच नाही. रांगेतली माणसे हसली. मामाने फळीच्या तुकड्याने तो मासा पाण्याकडे लोटला आणि म्हणाला, "जाऊ दे त्याला, त्याचा काही उपयोग नाही."

हाताचे ते बधिरपण आजही आठवते. मामाने घेतलेले नाव मात्र कानातून पार निसटले. मी ते लिहून ठेवले नाही आणि मामा गेल्याला आता वीस वर्षे झाली. या लेखाच्या तयारीत मी जेवढे वाचले, त्या सगळ्यामागे हे हरवलेले नाव आहे.

२

कारण या माशाचा इतिहास म्हणजे प्रथमतः त्याच्या नावांचा इतिहास आहे. ग्रीकांनी त्याला 'नार्के' म्हटले. नार्के म्हणजे बधिरता. गुंगीच्या औषधांना इंग्रजीत जो 'नार्कोटिक' शब्द आहे, तो याच मुळातून आला. रोमन लोकांनी 'टॉर्पेडो' म्हटले, त्याचाही अर्थ बधिर करणारा. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट फुल्टनने पाण्याखालच्या स्फोटकांना हेच नाव दिले आणि माशाचे नाव शस्त्राला चिकटले. आपण ज्याला पाणतीर म्हणतो त्या टॉर्पेडोचा पूर्वज असा हा मासा. अरबीत त्याला 'रआद' म्हणत, म्हणजे थरकाप उडवणारा. मेघगर्जनेचा अरबी शब्दही त्याच धातूचा.

हिंदुस्थानातली नोंदही अशीच आहे. पॅट्रिक रसेल हा ईस्ट इंडिया कंपनीचा निसर्गअभ्यासक. घोणस सापाला इंग्रजीत ज्याचे नाव आहे तोच हा रसेल. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर जमवलेल्या दोनशे माशांवर त्याने ग्रंथ लिहिला, तो १८०३ साली लंडनमध्ये छापला गेला. माशांची नावे त्याने कोळ्यांकडून ऐकली तशी लिहून घेतली. विजेच्या पाकटापुढे त्याने नाव लिहिले 'तेमेरी'. तेलुगू जाणणाऱ्याला हा शब्द लगेच ओळखीचा वाटेल. तेलुगूत 'तिम्मिरि' म्हणजे बधिरपणा, मुंग्या येणे. तमिळमध्येही 'तिमिर्' या शब्दाला हाच अर्थ आहे. रसेलच्या दोन वर्षे आधी, १८०१ मध्ये, तमिळ किनाऱ्यावरच्या ट्रांकेबार या डॅनिश वसाहतीतून बर्लिनला गेलेल्या माशांचे वर्णन ब्लॉख आणि श्नायडर यांच्या ग्रंथात आले. त्यातल्या एका विजेच्या पाकटाला त्यांनी 'तिमलेई' हे जातिनाम दिले. तेही याच शब्दकुळातले असावे, असा माझा तर्क आहे. आज जगातल्या कोणत्याही मत्स्यसंग्रहालयात 'नार्सीन तिमलेई' अशी चिठ्ठी दिसली, तर त्यातला पहिला शब्द ग्रीक बधिरतेचा आणि दुसरा आपल्या दक्षिण किनाऱ्यावरचा आहे.

म्हणजे अथेन्सचा, रोमचा आणि विशाखापट्टणमचा कोळी एकमेकांना कधी भेटला नाही, पण तिघांनी माशाला नाव दिले ते स्वतःच्या हाताकडे पाहून. वीज या कल्पनेशी कोणीही त्याची सांगड घातली नव्हती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनिअस लार्गस हा रोमन वैद्य संधिवाताच्या रोग्याला ओल्या किनाऱ्यावर उभे करून पायाखाली जिवंत टॉर्पेडो ठेवायला सांगतो आणि पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईस्तोवर तसाच ठेवावा, असे म्हणतो. हा विद्युतोपचारच, पण विजेचे नाव घ्यायला अजून सतरा शतके जायची होती.

सतराव्या शतकाच्या अखेरीस एंगेलबर्ट केम्फर हा जर्मन वैद्य इराणच्या आखातावर राहिला. तेथला टॉर्पेडो त्याने स्वतः हाताळला आणि १७१२ साली छापलेल्या ग्रंथात त्याच्या झटक्याची तुलना आकाशातल्या विजेशी केली. ती तुलनाच होती, सिद्धान्त नव्हता. दोनच वर्षांनी फ्रान्सच्या रेओम्यूरने ठासून सांगितले, की माशाचे स्नायू अतिवेगाने आपटतात, म्हणून हात बधिर होतो. कोपर आपटल्यासारखे वाटते, म्हणजे कोणीतरी आपटत असणार! आठ वर्षांच्या मलाही तसेच वाटले होते.

३

हा वाद मिटवला तो मद्रासच्या किल्ल्यात जन्मलेल्या एका माणसाने. जॉन वॉल्श १७२६ साली फोर्ट सेंट जॉर्जमध्ये जन्मला, कंपनीच्या चाकरीत वाढला आणि प्लासीच्या वर्षी, १७५७ मध्ये, क्लाइव्हचा चिटणीस होता. हिंदुस्थानातून पैसा घेऊन परतलेल्या 'नबाबां'पैकी तो एक. त्या पैशावर त्याने इंग्लंडात विज्ञानाचा नाद केला. १७७२ च्या उन्हाळ्यात तो फ्रान्सच्या ला रोशेल बंदरावर गेला आणि कोळ्यांकडून टॉर्पेडो घेऊन प्रयोग करू लागला. सल्ला होता बेंजामिन फ्रँकलिनचा.

प्रयोग साधा होता. जिवंत मासा ओल्या फडक्यावर ठेवायचा. एक तार त्याच्या पाठीपासून, दुसरी पोटापासून. मधे पाण्याची भांडी मांडायची आणि माणसांनी ओळीने उभे राहून एकेका भांड्यात बोटे बुडवायची, म्हणजे तारेपासून तारेपर्यंत माणसांची साखळी होते. माशाने झटका दिला की सगळ्यांना तो एकदम बसे. आठ माणसांपर्यंत ही साखळी नेली गेली. मधे काच किंवा लाख आली की झटका थांबे, धातू आला की जाई. आपटण्याचा झटका भांड्यातल्या पाण्यातून आठ माणसांपलीकडे जात नाही. विजेचा जातो. वॉल्शने फ्रँकलिनला पत्र लिहून हा परिणाम विजेचाच असल्याचे कळवले. रॉयल सोसायटीने त्याला आपले कॉपली पदक दिले.

वॉल्शने आणलेले मासे जॉन हंटर या शल्यविशारदाने चिरून पाहिले. डोक्याच्या दोन्ही बाजूंना मूत्रपिंडाच्या आकाराचा एकेक अवयव, आणि त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखे उभे खांब. एका अवयवात त्याने ४७० खांब मोजले. प्रत्येक खांब म्हणजे पातळ चकत्यांची चळत. आणि त्या अवयवाला जाणाऱ्या नसा इतक्या जाड, की हंटरलाही त्यांचे आश्चर्य वाटले.

एक शंका मात्र उरली. विजेची ठिणगी कुठे आहे? टॉर्पेडो झटका देतो, पण ना ठिणगी, ना आवाज. हेन्री कॅव्हेंडिशने १७७६ साली कातड्याचा खोटा टॉर्पेडो बनवला, त्याला लायडन बरण्या जोडल्या आणि खाऱ्या पाण्यात ठेवून दाखवले, की विजेचे प्रमाण मोठे आणि तिचा जोर कमी असेल तर झटका बसतो, ठिणगी दिसत नाही. प्रवाह आणि दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विज्ञान माशाच्या निमित्ताने शिकत होते. खंडाळ्याच्या नळाशी उभे राहिले तर हा भेद डोळ्यांनी दिसतो: ५०० मीटर उंची हा दाब, आणि नळातून वाहणारे पाणी हा प्रवाह.

शेवटची पायरी आलेस्सांद्रो व्होल्टाची. २० मार्च १८०० या तारखेचे एक पत्र त्याने कोमोहून रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पाठवले. चांदीची चकती, जस्ताची चकती, मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. पुन्हा चांदी, जस्त, पुठ्ठा. अशी चळत रचली की विजेचा अखंड प्रवाह मिळतो. हीच जगातली पहिली बॅटरी. पाठ्यपुस्तके येथपर्यंत सांगतात. न सांगितलेली गोष्ट अशी, की त्याच पत्रात व्होल्टाने या उपकरणाला कृत्रिम विद्युत-अवयव म्हटले आणि त्याचे रूप टॉर्पेडोच्या अवयवाशी जुळते हे मुद्दाम नोंदवले. हंटरने मोजलेले खांबच त्याने धातूत उभे केले होते. त्या बॅटरीवर पुढच्या तीस वर्षांतले विद्युतप्रयोग झाले, त्यांतून १८३१ मध्ये फॅरेडेचे प्रवर्तन आले, त्यातून जनित्र आले आणि जनित्र खोपोलीला आले.

वॉल्शबद्दल मला एका गोष्टीची गंमत वाटते. ज्या किनाऱ्यावर तो जन्मला, तेथल्या कोळ्यांच्या जिभेवर या माशाचे नाव होते. तो मासा पाहायला तो पुढे फ्रान्सला गेला.

४

आता माशाकडेच वळू. विजेचे पाकट हे मुशी आणि पाकट यांच्याच वंशातले, हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेले मासे. जगात त्यांच्या साठ-सत्तर जाती आहेत. आपल्या दोन्ही किनाऱ्यांवर उथळ पाण्यात मुख्यतः लहान जाती मिळतात: पाठीवर दोन पर असलेला नार्सीन तिमलेई आणि एकच पर असलेला नार्के डिप्टेरिजिया. मालवणचा माझा मासा आकारावरून दुसरा असावा. इराणच्या आखातापासून आपल्या बाजूच्या समुद्रात टॉर्पेडो वंशातले मोठे नातेवाईकही आहेत. ते हातभर आणि त्याहून मोठे होतात. आणि खूप खोल, जेथे उजेड पोचत नाही तेथे, बेंथोबॅटिस मोरेस्बाय नावाचा जवळजवळ आंधळा विजेचा पाकट राहतो. 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजाने त्रावणकोरच्या समोरच्या अरबी समुद्रातून तो वर काढला आणि अल्कॉकने १८९८ मध्ये त्याचे वर्णन केले.

लहान जातींचे जगणे निवांत असते. वाळूत किंवा चिखलात अंग पुरायचे, डोळे आणि डोळ्यांमागची श्वासछिद्रे तेवढी बाहेर. तोंड नळीसारखे पुढे काढून चिखलातले किडे ओढायचे. वीज मुख्यतः बचावासाठी. मोठे टॉर्पेडो मात्र विजेने शिकार करतात. भक्ष्यावर झेप घेऊन पंखांनी त्याला वेढतात आणि झटका देतात. सगळेच पिलांना जन्म देतात, अंडी घालत नाहीत. पिले थोडी, वाढ सावकाश.

विजेचा अवयव म्हणजे मुळात कल्ल्यांचे स्नायू. आकुंचन पावायचे विसरलेले. चळतीतली प्रत्येक चकती ही एक चपटी पेशी. तिच्या एकाच बाजूला नस येते. मेंदूने हुकूम दिला की नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटते, त्या बाजूचे दरवाजे उघडतात, आयन आत घुसतात आणि पेशीच्या दोन बाजूंत एक दशांश व्होल्टहूनही कमी फरक पडतो. एकटी पेशी काहीच नाही. पण शेकडो पेशी एकावर एक रचल्या आणि त्या एकाच क्षणी उघडल्या की दाबांची बेरीज होते. लहान जातींचा झटका फार तर तीसेक व्होल्टचा, अटलांटिकमधल्या मोठ्या टॉर्पेडोचा दोनशेच्या आसपास. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून येथे दाबापेक्षा प्रवाह महत्त्वाचा. त्यासाठी खांब पुष्कळ आणि शेजारी शेजारी. दक्षिण अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातल्या विजेच्या ईलला दाब हवा, म्हणून तिची चळत लांबच लांब. २०१९ मध्ये तिच्या एका नव्या जातीचा ८६० व्होल्टचा झटका मोजला गेला. त्या जातीला नाव दिले 'व्होल्टाय'. मासा आणि शास्त्रज्ञ यांच्यातले देणे अशा रीतीने थोडे फिटले.

टॉर्पेडोचे आणखी एक देणे आहे, ते वैद्यकाला. आपल्या स्नायूंनाही मेंदूचा हुकूम ॲसिटिलकोलीननेच पोचतो. तो घेणारा दरवाजा आपल्या स्नायूंत इतका विरळ असतो, की अभ्यासासाठी हाती लागत नसे. टॉर्पेडोच्या अवयवात तो ठासून भरलेला. त्यामुळे या दरवाजाची घडण माशात उलगडली. १९८२ मध्ये जपानच्या नुमा यांच्या गटाने टॉर्पेडोतून त्याची जनुकीय रचना वाचली. पापण्या जड करणारा, चालता माणूस गळून टाकणारा मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा आजार याच दरवाजावरचा शरीराचा स्वतःचाच हल्ला आहे, हे समजायला विजेच्या माशांचा आधार झाला. बधिर करणाऱ्या माशाने स्नायूंच्या दुबळेपणाचे कारण सांगितले.

मामा म्हणाला होता, त्याचा काही उपयोग नाही.

५

मामाची चूक नव्हती. बाजारात या माशाला किंमत नाही. म्हणूनच त्याला पाण्यात परत लोटले जाई आणि तो जगे. आज वाळूच्या तळावरून ट्रॉलरचे जाळे फिरते. कोळंबीच्या मागे निघालेले ते जाळे तळात पुरलेल्या माशाला सोडत नाही. तासन्‌तास ओढलेल्या जाळ्यातून वर आलेला विजेचा पाकट बहुधा मेलेला किंवा दबलेला असतो. बिनकिमतीची मासळी बाजूला सारतात; कधी समुद्रात, कधी भुकटीच्या कारखान्याकडे. पापलेटाचा भाव पडला की बातमी होते. या माशाचा हिशोब कोणाला विचारायचा? ज्याची पिले थोडी आणि वाढ सावकाश, तो अशा नुकसानीतून लवकर सावरत नाही.

वीज वापरावी आणि तिचे मूळ विसरावे, ही आपली जुनी सवय आहे. याच मावळाच्या शेजारी मुळशीच्या खोऱ्यात १९२१ साली धरणाविरुद्ध सेनापती बापट उभे राहिले, तेव्हा मुंबईच्या दिव्यांची किंमत कोण देते, हा प्रश्न प्रथमच मोठ्याने विचारला गेला. मासा सत्याग्रह करत नाही. त्याच्याजवळ बधिर करण्यापुरता झटका आहे, आणि जाळ्यावर तो चालत नाही.

गेल्या भाद्रपदात मी मालवणला मामेभावाला फोन केला. तो माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याची स्वतःची होडी आहे. मी माशाचे वर्णन केले आणि मामा त्याला काय म्हणत असे, ते विचारले. तो थोडा थांबला.

"दादानू, करंट मारता तो?"

"तोच."

"आमी तेका करंटच म्हणतव. जुना नाव बाबांका म्हायत होता. आता तो गावता खंय म्हणा! आधी रापणीत येय, आता वर्षाक एकदा-दोनदा."

फोन ठेवला आणि मी बराच वेळ खिडकीशी बसलो. एकोणिसाव्या शतकात म्यूलर आणि हेन्ले या दोघा जर्मन शास्त्रज्ञांनी नार्के वंशाला 'ॲस्ट्रापे' असे नवे नाव दिले होते, म्हणजे ग्रीकमध्ये वीज. तोवर माशाची वीज सिद्ध झाली होती, तेव्हा नावही विजेचे हवे असे त्यांना वाटले असावे. पुढे अग्रहक्काच्या नियमाने ते नाव गेले आणि जुने, बधिरतेचे 'नार्के' परत आले. शास्त्राने आपले जुने नाव सांभाळले. आमच्याकडे उलट झाले. माशावरून माणसाने बॅटरी केली, बॅटरीवरून जनित्रापर्यंत गेला, जनित्रातून तार मालवणपर्यंत आली, आणि त्या तारेवरून मालवणच्या पोराने माशाला नाव दिले, करंट. जुन्या नावाला शब्दकोशातही जागा मिळण्यापूर्वी ते मामाबरोबर गेले.

रसेलने मोठे काही केले नाही. किनाऱ्यावर उभे राहून, याला काय म्हणता, एवढेच विचारले आणि ऐकले ते लिहून ठेवले. म्हणून तेलुगू कोळ्याची बधिर झालेली बोटे दोनशे वर्षांनी आपल्याला कळतात. हा अंक कोकणपट्टीवर कोणाच्या हाती पडला आणि त्यांच्या घरात रापण ओढलेला एखादा म्हातारा असला, तर त्याला तेवढेच विचारावे. नाव, गाव आणि मासा कुठल्या जाळ्यात आला ते कागदावर लिहून तारीख घालावी.

बाहेर अजून परतीचा पाऊस आहे. नळांतून पाणी खोपोलीकडे उतरते आहे. तळ्याच्या वरच्या अंगाला पडलेले ते पाणी खरे तर तेलुगू किनाऱ्याचे, जेथे त्या माशाचे नाव लिहिलेले आहे. वीज देऊन ते चालले आहे कोकणच्या समुद्रात, जेथे मासा थोडा उरला आहे आणि नाव गेले आहे.